ट्राम यायच्या आधी

नारायणगाव सोडलं तेव्हा दाजी गप्प होते. मंचर गेलं, राजगुरुनगर गेलं. चाकणच्या अलीकडं गाड्यांची शेपटी लागली, तसा त्यांना कंठ फुटला. "मास्तर, तुमच्या त्या दुर्बिणीनं आमची रेल्वे घालवली."

दुर्बीण 'माझी' असण्याचं कारण एवढंच, की मी पुण्यात तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. ही दुर्बीण म्हणजे खोडद परिसरातल्या तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. दाजींच्या शेतापासून त्या फार लांब नाहीत. पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्ग त्यांच्या जवळून जात होता. दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी ऐकणाऱ्या या दुर्बिणीला विजेच्या रेल्वेतून निघणाऱ्या रेडिओलहरींचा गोंगाट सोसवणार नाही, म्हणून मार्ग बदलावा लागला, असं खुद्द रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं. तेव्हापासून जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या पट्ट्यात दुर्बीण हा शब्द शिवीसारखा वापरला जातो.

दाजींचा राग मला समजतो. टोमॅटोची गाडी चाकणला तास-दीड तास अडकली की काय होतं, ते मार्केटमधल्या कुणालाही विचारा. या पट्ट्याला रेल्वे हवी आणि ती लवकर हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझं भांडण आहे ते हा प्रश्न ज्या पद्धतीनं मांडला गेला त्याच्याशी. एका बाजूला लोकांची सोय आणि दुसऱ्या बाजूला शास्त्रज्ञांची हौस, अशी ती मांडणी आहे. एखादी शांत जागा आणि तिथं वर्षानुवर्षं न तुटता चाललेली नोंद, हीसुद्धा रेल्वेच्या रुळांइतकीच सार्वजनिक मालमत्ता आहे, असं माझं म्हणणं आहे. ते पटवायला मात्र खोडद हे उत्तम उदाहरण नव्हे. उत्तम उदाहरण अलिबागला आहे, आणि तिथं गोष्ट सूर्याची आहे.

मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये वेधशाळा बांधली. १८४१ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी सुरू झाली आणि १८४६ पासूनची नोंद सलग आहे. चुंबकसूची किती वळली, क्षेत्राचा आडवा घटक किती कमी-जास्त झाला, हे माणसं दिवसरात्र, तासातासाला बघून वहीत लिहीत. पुढं विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेचा प्रवाह म्हटला की चुंबकीय क्षेत्र आलंच, आणि कुलाब्याचे नाजूक चुंबक सूर्याऐवजी ट्रामचं वेळापत्रक नोंदवू लागले असते. वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख नानाभाई मूस यांनी ट्रामला विरोध करत बसण्यापेक्षा जागा शोधली. समुद्रापलीकडं, अलिबागला, चुंबकीय नसलेल्या साहित्याची इमारत उभी राहिली आणि १९०४ मध्ये तिथं मोजणी सुरू झाली. त्यानंतर जे केलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कुलाबा लगेच बंद केलं नाही. जवळजवळ दोन वर्षं दोन्हीकडं एकाच वेळी मोजलं, दोन ठिकाणच्या आकड्यांमधला फरक नक्की केला, आणि मगच कुलाब्याची वही मिटली. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. मुंबईला ट्राम मिळाली आणि नोंदीचा धागा तुटला नाही.

आता त्या वहीनं दिलं काय?

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत असताना डागांच्या एका झुंडीवर अचानक पांढरा लखलखाट दिसला. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांना झटके बसू लागले, उष्ण कटिबंधाच्या जवळ ध्रुवीय प्रकाश दिसला. लंडनजवळच्या वेधशाळेत फोटोच्या कागदावर रेघ उमटवणारं नवं यंत्र होतं, पण वादळ इतकं मोठं, की रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्याला मात्र डोळ्यांनी बघून हातानं लिहिणारी माणसं होती. त्यांच्या वहीत क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लानं (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरलेला दिसतो. अलिबागला आज हा घटक ३८ हजारांच्या आसपास असतो, म्हणजे घसरण चार टक्क्यांची. ऐकायला कमी वाटते, पण एरवीच्या मोठ्या वादळात ती एक टक्क्याच्याही आत असते. त्या १६०० पैकी किती भाग जगभरचा आणि किती स्थानिक, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. तरी २००३ मध्ये आपल्याकडच्या भूचुंबकत्व संस्थेतले आणि परदेशातले शास्त्रज्ञ मिळून त्या वादळाचा जोर काढायला बसले, तेव्हा त्यांनी आधार घेतला तो कुलाब्याच्याच वहीचा. १४४ वर्षं ती वही कपाटात तशीच होती. ज्यानं ती लिहिली त्याला हे कशासाठी हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

सूर्याच्या बाबतीत हेच होत आलंय. सौरचक्र शोधलं ते जर्मनीतल्या डेसाऊ गावच्या एका औषधविक्रेत्यानं, हाइनरिश श्वाबे यानं. त्याला शोधायचा होता बुधाच्याही आतला एखादा ग्रह. तो ग्रह डागासारखा सूर्यबिंबावरून सरकेल म्हणून तो १८२६ पासून रोज डाग टिपत बसला. ग्रह मिळाला नाही, पण १८४३ मध्ये त्यानं जाहीर केलं, की डागांची संख्या दहाएक वर्षांच्या फेऱ्यानं कमी-जास्त होते. पुढं १८५२ मध्ये एडवर्ड सबाइन यांनी टोरांटो आणि होबार्टच्या चुंबकीय नोंदी श्वाबेच्या आकड्यांशेजारी ठेवल्या. दोन्ही एकत्र चढत होते आणि एकत्र उतरत होते. पंधरा कोटी किलोमीटरवरच्या काळ्या ठिपक्यांचा आणि तळघरात टांगलेल्या चुंबकाचा संबंध लागला तो दोन वह्या शेजारी ठेवल्यावर.

इथवरची गोष्ट पाठ्यपुस्तकात असते, आणि त्यामुळं आपल्या डोक्यात एक सोपं समीकरण बसतं: डाग जास्त तर वादळं जास्त, डाग ओसरले की धोका ओसरला. ते अर्धंच खरं आहे. वादळं दोन जातींची असतात. डागांच्या झुंडीतून अब्जावधी टन वायू चुंबकीय क्षेत्रासकट भिरकावला जातो आणि तो एक ते तीन दिवसांत पृथ्वीपर्यंत येतो. ही पहिली जात, आणि ती डागांच्या भरतीच्या काळात जास्त. दुसरी जात चिवट आहे. सूर्याच्या प्रभामंडलात 'कोरोनल होल' नावाची विवरं पडतात. तिथं चुंबकीय रेषा परत न वळता सरळ अवकाशात उघडतात आणि तिथून वेगवान सौरवारा, म्हणजे विद्युतभारित कणांचा झोत, सुटतो. सूर्य आपल्या दृष्टीनं २७ दिवसांत एक फेरी घेतो, त्यामुळं तेच विवर २७ दिवसांनी पुन्हा आपल्यासमोर येतं आणि मध्यम ताकदीचं वादळ पुन्हा ठरल्या तारखेला हजर होतं. महिन्यामागून महिने. ही जात जोरात असते ती डाग ओसरू लागल्यावर.

म्हणून पृथ्वीच्या चुंबकीय अस्वस्थतेचा आलेख डागांच्या आलेखाची नक्कल करत नाही, तो मागं रेंगाळतो. २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली प्रचंड वादळं डागांच्या भरतीनंतर दोन-तीन वर्षांनी आली. मे १९२१ चं महावादळ तर भरतीनंतर चार वर्षांनी. त्यात वर्षाचा तालही मिसळलेला आहे: मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, विषुवदिनांच्या आसपास, वादळांना पृथ्वीचं दार जास्त उघडं सापडतं. कारण सौरवाऱ्यासोबत येणारं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडं वळलेलं असेल तरच ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडं वळलेलं असेल तर बलाढ्य झोतही बाजूनं निघून जातो. विषुवदिनांच्या वेळी पृथ्वीच्या कलत्या अक्षामुळं दक्षिणेकडच्या वळणाची शक्यता वाढते.

आणि डागांचा हा फेरा, सरासरी अकरा वर्षांचा, हा तर सूर्याच्या चक्रांमधला सगळ्यात आखूड. दर चक्रात सूर्याचे उत्तर-दक्षिण ध्रुव उलटतात, त्यामुळं चुंबकीयदृष्ट्या मूळ स्थितीवर यायला बावीस वर्षं लागतात. त्याच्याही वर चक्रांची ताकदच साधारण ऐंशी ते शंभर वर्षांत चढते-उतरते असं दिसतं, त्याला ग्लाइसबर्ग चक्र म्हणतात. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत तर डाग जवळजवळ नाहीसेच झाले होते. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या पृथ्वीच्या दोन टोकांच्या नोंदींवरून चुंबकीय अस्वस्थतेचा एक निर्देशांक १८६८ पासून काढलेला आहे. तो पाहून माइक लॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की विसाव्या शतकात सूर्याचं अवकाशात पसरणारं चुंबकीय क्षेत्र दुपटीहून वाढलं. विसाव्या शतकाच्या मध्याला आलेलं एकोणिसावं चक्र (चक्रांना क्रमांक देतात ते १७५५ पासून) मोजलेल्या चक्रांमध्ये सर्वांत जोरदार, आणि २०१४ मध्ये शिखर गाठलेलं चोविसावं शंभर वर्षांतलं सर्वांत दुबळं. म्हणजे माझ्या आजोबांच्या, वडिलांच्या आणि माझ्या काळातला सूर्य चुंबकीय हिशेबानं एकसारखा नव्हता.

पण हे 'दिसतं' कशाच्या बळावर? तो निर्देशांक सुरू झाल्यापासून आता कुठं पंधरावं चक्र चालू आहे. कुलाबा-अलिबागच्या नोंदीत सतरावं. ऐंशी-शंभर वर्षांच्या फेऱ्याचे तर जेमतेम दोन. पंधरा चेंडू बघून कुणी फलंदाजाची सरासरी सांगू लागला तर आपण हसू. सध्याच्या पंचविसाव्या चक्राचा अंदाज तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०१९ मध्ये दिला होता: डागांक (डाग मोजण्याचा ठरलेला आकडा) ११५ च्या आसपास, शिखर जुलै २०२५. शिखर आलं २०२४ च्या ऑक्टोबरच्या सुमारास आणि आकडा गेला १६० पर्यंत. मी याबद्दल समितीला दोष देणार नाही. एवढ्याशा नोंदीवर याहून बरा अंदाज करायचा म्हणजे ज्योतिषच.

(ज्योतिषावरून आठवलं. सूर्यावरचे डाग मोजले की पाऊस सांगता येईल, ही आशा एकेकाळी सरकारलाही होती. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर कोडाईकनालची सौरवेधशाळा उभी राहण्यामागं तीही एक प्रेरणा होती. हवामान खात्याचे गिल्बर्ट वॉकर यांनी आकडेमोड करून पाहिली आणि डाग नि पाऊस यांचं नातं हाताशी धरण्याइतकं घट्ट निघालं नाही. हे खातं पुढं सिमल्याहून पुण्याला आलं आणि शिवाजीनगरच्या चौकाला 'सिमला ऑफिस' नाव देऊन गेलं. आज उन्हाळा वाढला की 'सूर्याचं चक्र आहे ते' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की भरती-ओहोटीत सूर्याच्या एकूण तेजात फरक पडतो तो हजारात एकाचा. चुंबकाचा प्रश्न वेगळा आणि उन्हाचा वेगळा.)

१० मे २०२४ ला अक्षय्य तृतीया होती. दुपारी आमरस झाल्यावर नातवाला घेऊन मी कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गेलो. माझी साठ मिलिमीटरची जुनी दुर्बीण पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि भिंगातून येणारं सूर्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर घेतलं. सूर्याकडं दुर्बिणीतून कधीच बघायचं नाही, हे त्याला तीनदा बजावलं. बारा सेंटिमीटरच्या वर्तुळात दीड सेंटिमीटरचा काळा-करडा पट्टा होता, वाळवीनं खाल्ल्यासारख्या कडांचा. पृथ्वीच्या व्यासाच्या पंधरापट लांब झुंड होती ती. पोरानं पेन्सिलीनं गिरवली. त्याच रात्री साडेदहाच्या सुमारास वीस वर्षांतलं सर्वांत मोठं भूचुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. लडाखमध्ये हानले इथं आकाश लाल झालेलं कॅमेऱ्यांनी टिपलं. पुण्यात काहीच दिसलं नाही. पुणं तीन दिवसांवर आलेल्या मतदानात गुंतलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र सकाळी संदेश आला, रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल बंद ठेवा, वैश्विक किरण येणार आहेत. तो संदेश मी दहा वर्षांपासून बघतोय. त्याचंही काही चक्र असावं.

माझ्या त्या गच्चीवरच्या वहीत काय आहे तेही कबूल करतो. १२ मेनंतर नोंद नाही, कारण ढग आले. जून ते सप्टेंबर कोरे. पुढच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चार महिने कोरे. माणसाच्या हौसेला सलग राहता येत नाही, ते संस्थेचंच काम आहे.

पुण्यानं याचा अनुभव एकदा घेतला आहे. आजच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात, तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, कावसजी नायगमवाला या प्राध्यापकांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. वीस इंची आरशाची दुर्बीण, त्या काळी देशातली सर्वांत मोठी. नायगमवालांनी सूर्याच्या वर्णपटाचं काम केलं, १८९८ च्या खग्रास ग्रहणाला जेऊरला जाऊन निरीक्षणं घेतली. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. सामान कोडाईकनालला गेलं. मूस आणि नायगमवाला, दोघेही एकाच पिढीतले, दोघेही कर्तबगार. एकाची वही अजून लिहिली जाते आहे. दुसऱ्याची त्याच्या पेन्शनच्या कागदांबरोबर संपली. फरक एवढाच, की कुलाब्याला पद होतं आणि पुण्यात माणूस होता.

आता कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं, आता सूर्यावर नजर ठेवणारा आपला उपग्रह आदित्य-एल१ आहे ना. आहे, आणि त्यावरची अतिनील दुर्बीण आपल्याच पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेनं घडवली याचा मला अभिमान आहे. पण हिशेब करा. आदित्य पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर बसलाय. सेकंदाला पाचशे किलोमीटरनं येणारा सौरवारा त्याच्यावरून इथवर यायला पन्नास मिनिटं घेतो. तेवढी आगाऊ सूचना मिळते, ती फार मोलाची. मात्र त्याचं नियोजित आयुष्य पाच वर्षांचं, म्हणजे सूर्याच्या अर्ध्या चक्राहून कमी. शिवाय काय येतंय हे वरून कळलं तरी जमिनीवर त्याचं काय झालं हे जमिनीवरच मोजावं लागतं. उपग्रह म्हणजे पाहुणा, चार दिवस मिरवणार. घर ज्याच्या जिवावर चालतं तो अलिबागच्या खोलीत बसलेला असतो आणि त्याचं उद्घाटन पुन्हा पुन्हा करता येत नाही.

हे मोजायचं कशासाठी? मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज दीड मिनिटात कोसळली, साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. ते ध्रुवाजवळचं, आपल्याला काय, असं म्हणायची सोय होती. पण २००३ च्या वादळांनंतर दक्षिण आफ्रिकेत मोठे ट्रान्सफॉर्मर निकामी झाले आणि अभ्यासकांनी त्याचा संबंध जमिनीतून तारांमध्ये शिरलेल्या प्रवाहांशी जोडला. आपल्याकडं ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडून सगळ्या देशाची एकच ग्रिड झाली. तारा जितक्या लांब आणि दाब जितका उंच तितके हे प्रवाह त्यात सहज शिरतात. आपल्या अक्षांशावर धोका कमी आहे, पण 'कमी' म्हणजे किती, हे पावणेदोनशे वर्षांच्या भारतीय नोंदीवरून ठरवायचं की कॅनडाच्या अनुभवाला अंदाजानं भागून?

चक्र दुबळं म्हणूनही निश्चिंत राहता येत नाही. सर्वांत दुबळ्या त्या चोविसाव्या चक्रातच, जुलै २०१२ मध्ये, कॅरिंग्टनच्या तोडीचा झोत सूर्यावरून सुटला होता. पृथ्वी त्या बाजूला नव्हती म्हणून वाचलो. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अगदी किरकोळ वादळानं वरचं वातावरण फुगलं, त्या वाढीव घर्षणानं नुकतेच सोडलेले चाळीसएक स्टारलिंक उपग्रह खाली ओढले जाऊन जळाले. मोठं वादळ सोडाच, लहान वादळाचाही जमाखर्च लागतो.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. रस्ता, रेल्वे, वाहिनी आखताना नकाशावर जशा नद्या आणि किल्ले आधी दाखवले जातात, तशा या शांत जागा पहिल्याच दिवशी दाखवाव्यात. खोडदच्या बाबतीत दुर्बीण तिथं नव्वदच्या दशकापासून उभी आहे. मार्ग आखून, लोकांना आशा लावून, मग ती दिसली, यात दुर्बिणीचा दोष काय? दाजींनी खरा जाब त्या आखणीला विचारायला हवा. आणि एखादी वेधशाळा हलवणं अटळच असेल, तर नवी जागा, इमारत आणि दोन्हीकडं एकाच वेळी मोजण्याची दोन वर्षं, हा सगळा खर्च येणाऱ्या प्रकल्पानं उचलावा. आधी जागा शोधून दोन्हीकडं मोजायचं, हे मुंबईच्या ट्रामच्या वेळी सुचलं होतं. अलिबागला आता मुंबईकरांच्या सेकंड होमची रांग लागली आहे, बोटी वाढल्या आहेत, रस्ते येऊ घातले आहेत. तिथंही हा प्रश्न दार वाजवणार आहेच.

हे सगळं मी दाजींना याच क्रमानं सांगितलं असं नाही. गाडी चालवताना जेवढं जमलं तेवढं. त्यांना एक गोष्ट मात्र आवडली. पुढचं चक्र किती जोराचं येईल याचा एक बऱ्यापैकी जुना ठोकताळा आहे: डाग सरून सूर्य अगदी शांत होतो, त्या काळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती अस्वस्थ आहे ते मोजायचं. त्यावरून येणाऱ्या शिखराचा अदमास लागतो. "म्हणजे पेरणीआधी जमिनीची ओल बघतात तसं," ते म्हणाले. तसंच. आता ती शांतता २०३० च्या आसपास येईल, तेव्हाचे अलिबागचे आकडे सव्विसाव्या चक्रासाठी लागतील.

"दोन हजार तीस," दाजींनी बोटं मोजली. "तोवर रेल्वे झालेली असंल ना?"

पुढच्या टेम्पोचा ब्रेकलाइट विझला आणि पुन्हा लागला. आम्ही चाकणच्या चौकात चाळीस मिनिटं उभे होतो.